पणजोबांच्या हातातली थ्री नॉट थ्री

वाचकांचे प्रश्न : जुन्या लष्करी वस्तू

प्रश्न : काका नमस्कार. मी हिंजवडीला आयटीत आहे, मूळ गाव साताऱ्याकडचं. दिवाळीत गावचं घर आवरताना ट्रंकेत पणजोबांचा फोटो सापडला. ते मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आले एवढंच घरात माहितीये. फोटोत त्यांच्या हातात रायफल आहे (फोटोची कॉपी पाठवतोय). तेव्हापासून डोक्यात बसलंय की तसली एक रायफल आपल्या हॉलमधे भिंतीवर असावी. एका ग्रुपवर एक जण ६५ हजाराला ओरिजिनल थ्री नॉट थ्री देतोय, म्हणतो नळी वेल्ड केलीये, डीॲक्टिव्हेटेड आहे, लायसन लागत नाही, पेपर मागू नका. रविवारी जुन्या बाजाराजवळ भेटू म्हणाला, त्याआधी १० हजार ॲडव्हान्स मागतोय. माझा पहिलाच पीस असेल, घेऊ का? – एक वाचक, वाकड

उत्तर : काका म्हणालास म्हणून सरळ अरेतुरे करतो. ॲडव्हान्स दिला नसशील तर देऊ नको आणि रविवारी त्याला भेटायला जाऊ नको, नुसतं बघून येतो असंही नको. थोड्या दिवसांत असं विचारणारं हे तिसरं पत्र आलंय, तिघंही चांगल्या घरातले, मनात आजा-पणजाची आठवण सोडून दुसरं काही नाही, म्हणून जीव तुटतो आणि म्हणून एवढं कडक लिहितोय.

आता नीट समजून घे. थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३, आणि आपल्याकडे .३०३ हा प्रतिबंधित बोर आहे (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), प्रोहिबिटेड बोर, पीबी म्हणतात तो. शस्त्र नियमांच्या यादीत .३०३ किंवा ७.६२ ची बोल्ट ॲक्शन रायफल (हाताने बोल्ट, म्हणजे दांडीचा खटका, मागे-पुढे सरकवून भरायची) पहिल्याच वर्गात आहे, आणि नुसती तीच नाही तर ती सरकारी गोळी ज्यात बसेल आणि उडेल अशी दुसऱ्या कुठल्याही बोरची रायफल सुद्धा, पोलिसांकडची जुनी .४१० मस्केट पण त्यातच. पुणे शहरात साधा परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, ग्रामीणला कलेक्टर ऑफिसातून, पण तो या बोरला चालतच नाही. पीबीचा विषय दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो आणि तिथे जिवाला गंभीर धोका वगैरे असेल तर विचार होतो, भिंतीवर लावायचीये हे कारण तिथे चालत नाही. विनापरवाना सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त १४. चौदा वर्षं रे, तुझी मुलं कॉलेजला जातील तोवर.

मग डीॲक्टिव्हेटेडचं काय? १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ आहे, त्यात कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे हे खरंय, आणि विकणारे तेवढंच अर्धं वाक्य सांगतात. उरलेलं अर्धं असं, की ते हत्यार दुरुस्त करूनही चालवता येता कामा नये. नळीच्या तोंडाला वेल्डिंगचा एक डाग मारला तर काय होतं, नळी बदलता येते, बोल्ट बदलता येतो, म्हणजे झालंच की ते दुरुस्त होण्यासारखं. आणि बोल्ट, रिसिव्हर (ज्यात बोल्ट सरकतो ती बॉडी), नळी हे सुटे भाग सुद्धा कायद्याच्या लेखी शस्त्रच, तेव्हा आज नुसती बॉडी घेतो, पुढच्या महिन्यात बोल्ट घेतो हा रस्ताही बंद. सूट लागू होते की नाही हे विकणारा ठरवत नाही आणि मीही ठरवत नाही, वस्तू घ्यायच्या आधी परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्यायचं, तोंडी हो म्हणाले याला काही अर्थ नाही.

अजून एक विचार कर. ती रायफल त्याच्याकडे आली कुठून? उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला, आपल्याकडेही २६/११ च्या रात्री हवालदारांच्या हातात तीच होती हे आख्ख्या देशाने पाहिलं, म्हणजे काल-परवापर्यंत ही सरकारी नोकरीतली वस्तू. सेवेतून निघालेल्या या रायफली तुझ्या-माझ्यासाठी लिलावात येत नाहीत. मग ग्रुपवर बिनपेपरची जी येते ती एकतर चोरीची, नाहीतर गावठी बनावटीवर शिक्के मारलेली, नाहीतर वस्तूच नाही आणि नुसता ॲडव्हान्स खाणारा. यातलं कुठलं निघालं तर तुला बरं वाटणार आहे?

हा बोर बंद का, हे लोक मला नेहमी विचारतात आणि ते खरंच माहिती असण्यासारखं आहे. इंग्रजांना धास्ती होती की लष्कराच्या गोळ्या चोरून बाहेर गेल्या तर त्या लोकांच्या बंदुकीत बसतील, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच लष्करी बोर सामान्यांना बंद करत आणले. लोकांसाठी गोळी वेगळी ठेवायची, जी फौजेच्या रायफलीत बसणारच नाही. आपली सरकारी फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल त्यातूनच आली, तिचं काडतूस म्हणजे ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर रायफलीचं ८ मिलिमीटरचं काडतूस, पण रायफलीचा बोल्ट, बांधणी, हाताला लागणारं वळण सगळं ली-एनफिल्डच्या, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्याच, घराण्यातलं. ही एनपीबी आहे, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या बोरची, साध्या परवान्यावर मिळू शकते. वय २१ पूर्ण पाहिजे, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, पोलीस चौकशी होते, परवाना ५ वर्षांचा, आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं (२०१९ पूर्वी ३ होती). पण परवाना मिळेलच असं धरून चालू नको, आणि .३१५ म्हणजे युद्धातली रायफल नव्हे हेही मनाशी पक्कं कर. तुला पणजोबांच्या हातातली पाहिजे, ही तिची चुलत बहीण.

आता फोटोकडे येतो. तुझा फोटो मी मोठा करून, भिंग लावून पाऊण तास बघत बसलो होतो. नळीचं तोंड बघ, लाकूड आणि त्यावरची लोखंडी टोपी थेट तोंडापर्यंत आलीये, पुढे नळी बाहेर दिसतच नाही, नाक कसं बोथट, आणि दोन्ही बाजूला कानासारखे उभे पत्रे, ते माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुंटाच्या, संरक्षणासाठी. ही ली-एनफिल्डची नंबर १ मार्क ३. नंबर ४ असती तर टोपीच्या पुढे नळीचं दोन-तीन इंच उघडं टोक दिसलं असतं. वजन साधारण ३.९ किलो, मॅगझिनमधे १० गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी वरून भरायच्या. भारतात या रायफली कलकत्त्याजवळच्या ईशापूरला बनायच्या, तुझ्या पणजोबांची तिथलीच होती की इंग्लंडची हे फोटोवरून कळत नाही, त्यासाठी बोल्टच्या मागचा उजव्या बाजूचा शिक्का दिसायला हवा आणि तिथे नेमकी त्यांची बोटं आहेत. किती घट्ट धरलीये बघ.

पण ती रायफल पणजोबांची नव्हती, सरकारची होती. संध्याकाळी कोतात (पलटणीच्या शस्त्रागारात) जमा, नंबर वहीत. जे खरंच त्यांचं होतं ते शोध ना. त्यांचा पलटणीतला नंबर घरच्या कुठल्यातरी कागदावर, पेन्शनच्या पुस्तकावर असेल, तो घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिही. ट्रंकेत पदकं आहेत का बघ, इटली स्टारची रिबन ओळखायला सोपी, लाल पांढरी हिरवी पांढरी लाल, इटलीच्या झेंड्याचेच रंग. त्याच मोहिमेत १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे पडले आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी जखमी असताना पराक्रम केला, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, दोघंही पाचव्या मराठा रेजिमेंटचे. तुझे पणजोबा त्या वेळी त्यातल्या कुठल्या बटालियनमधे होते हे कळलं तर मला जरूर कळव, मला मनापासून उत्सुकता आहे.

आणि जमवायचंच असेल तर रायफलीच्या अवतीभवतीचं सामान जमव. मार्क ३ च्या दस्त्याच्या बुडाला पितळी प्लेट असते, तिला छोटं दार, ते नखाने उघडलं की आत दस्त्यातच एक भोक, त्या भोकात पितळेची तेलाची कुपी आणि नळी साफ करायच्या पुलथ्रूची गुंडाळलेली दोरी. कुपीचं झाकण फिरवून काढलं की त्याला आत एक इवलासा चमचा जोडलेला असतो, थेंबभर तेल घ्यायला. माझ्याकडे तशी एक कुपी आहे, अजून झाकण उघडलं की वास येतो. कुपी, पुलथ्रू, खाकी कापडाचा पट्टा, १९३७ पॅटर्नचे पाऊच, रिकाम्या क्लिपा, ट्रेनिंगची जुनी पुस्तकं, हे हत्यार नाही आणि हे जमवताना रात्री झोप लागते. संगिनीच्या बाबतीत मात्र थांब, १९०७ पॅटर्नचं पातं १७ इंच आहे आणि ९ इंचाच्या वरचं पातं कायद्याच्या यादीत येतं, कोयत्याच्या केसेस पुण्यात कशा होतात ते रोज पेपरात वाचतोच आपण, तेव्हा विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : नमस्कार. माझा धाकटा मुलगा टेक्सासला असतो, नुकतंच ग्रीन कार्ड झालं. त्याला महायुद्धातली एक रायफल घ्यायचीये, तिथे म्हणे रीतसर दुकानात मिळते. “इंडियन एनफिल्ड, ईशापूर, सेकंड वर्ल्ड वॉर” अशी जाहिरात त्याने मला पाठवली (फोटो सोबत जोडलाय), भारतात बनलेली म्हणून फार हरखलाय. मला यातलं काही कळत नाही, काळजी वाटते. त्याला काय सांगू? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, काळजी वाटणं बरोबरच आहे, पण मुलाने तुम्हाला जाहिरात पाठवून विचारलं यातच बरंच काही आलं. ग्रीन कार्ड आहे म्हणून तो घेऊ शकतो. हे मुद्दाम सांगतो कारण त्याचे एच-१ वाले मित्र असतील, त्यांना तिथल्या केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून, आणि मित्राच्या नावावर घेऊ, तुझ्याकडे ठेव असलं काही केलं तर दोघंही अडकतात. ऑनलाइन घेतली तरी ती लायसनवाल्या डीलरकडे जाते, तिथे फॉर्म भरून चौकशी होऊन मगच हातात मिळते. पुढे छंद वाढला तर ५० वर्षांपेक्षा जुन्या हत्यारांसाठी संग्राहकाचं वेगळं लायसन आहे, ३ वर्षांना ३० डॉलर, पण पहिल्या रायफलीला त्याची गरज नाही.

आता जाहिरात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मॅगझिन चौकोनी आहे, डब्यासारखं, खालची कड सरळ. थ्री नॉट थ्रीचं मॅगझिन तिरकं उतरतं कारण तिच्या काडतुसाला बुडाशी कडा असते आणि गोळ्या एकमेकींवर थोड्या पुढे-मागे बसतात. चौकोनी म्हणजे ही ईशापूर २ए१, ७.६२ ची, १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्याकडे बनवलेली. दुसरं महायुद्ध तिने पाहिलेलंच नाही. रायफल वाईट नाही, उलट फार चांगली आहे, आणि आपल्या देशाने स्वतःच्या हिमतीवर बनवलेली म्हणून मला तिचं वेगळं अप्रूप आहे, पण महायुद्धाची म्हणून जास्त पैसे मोजायचे नाहीत. युद्धकाळातली ईशापूर असेल तर बोल्टच्या दांडीखालच्या पोलादी भागावर मुकुट, जी आर आय ही अक्षरं आणि साल असतं. आर एफ आय (रायफल फॅक्टरी ईशापूर) आणि साठच्या दशकातलं साल म्हणजे २ए१. आणि मुकुटाखाली व्ही आर (ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं) असून साल १९१७ दिसलं, किंवा एनफिल्ड शब्दातलं एन उलटं दिसलं, तर ती खैबर खिंडीकडच्या कारागिरांची नक्कल, राणी व्हिक्टोरिया १९०१ लाच वारली. ती भिंतीवर ठेवायला ठीक, उडवायला अजिबात नाही.

त्याला सांगा की विकणारा जे किस्से सांगेल, नॉर्मंडीची, आजोबांनी आणलेली, ते ऐकून घे आणि मग तेवढ्याच शांतपणे रायफल उचलून बघ. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का. नळीत उजेड टाकून आटे (आतल्या वळणदार खाचा) स्वच्छ दिसतात का, काळे खड्डे आहेत का. आणि तोंडाकडचं भोक नीट गोल आहे का, कारण शिपाई पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला तिरकी ओढायचे, दोरी घासून घासून पोलाद सुद्धा झिजतं आणि नळीचं तोंड लंबगोल होतं, मग रायफल कितीही चकचकीत असली तरी नेम लागत नाही. पुढचं लाकूड जिथे बॉडीला टेकतं तिथे आतून चिरा असतात, त्या बघायच्या. ईशापूरच्या लाकडात आरपार एक आडवा स्क्रू मारलेला असतो, तो दोष नाही, लाकूड फुटू नये म्हणून फॅक्टरीनेच घातलेला आहे. लाकूड मधेच कापून शिकारीची रायफल केली असेल तर संग्रहासाठी सोडून द्यायची, स्वस्त मिळाली तरी, पहिल्यांदा घेणारे इथेच फसतात, वाटतं लाकूड काय मागवून बसवू, आणि मूळ लाकूड शोधण्यात रायफलीएवढे पैसे जातात. १९६८ नंतर अमेरिकेत आलेल्या रायफलीवर आयात करणाऱ्याचा छोटा शिक्का असतो, त्याने घाबरायचं कारण नाही, उलट जिच्यावर तो शिक्का आहे ती आजोबांनी युद्धातून आणली असं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय एवढं त्यातून कळतं.

उडवायच्या आधी तिथल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडून हेडस्पेस मोजून घ्यायचीच. म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती जागा उरते ते गेजने बघतात, जास्त असेल तर पुंगळी मागून फाटू शकते आणि चेहरा तिथेच असतो ताई, बोल्टच्या मागे. यात पैसे वाचवायचे नाहीत. जुन्या लष्करी गोळ्या वापरल्या तर त्यांच्या टोपीतल्या (बुडावर जिथे ठोका पडतो ती) रसायनातून नळीत मीठ उरतं, अगदी मिठाच्याच जातीचं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दोन दिवसांत गंज. ते तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघतं, म्हणून आपले जवान नळीत उकळतं पाणी ओतायचे आणि मग चिंदी फिरवून तेल लावायचे. आणि कृपा करून लाकडाला पॉलिशपेपर मारू नको म्हणावं, वार्निश नको, दस्त्यावरचे शिक्के एकदा घासले गेले की गेले. जवसाचं कच्चं तेल तळहातावर घेऊन चोळायचं, थोडं थोडं, बास.

बाकी रायफलींचं थोडक्यात: रशियन मोसिन पूर्वी फार स्वस्त होती आता नाही, बहुतेक युद्धानंतर सरकारी कारखान्यात पुन्हा दुरुस्त केलेल्या असतात. जर्मन माउझरवर बनावट शिक्के मारून विकायचा धंदा मोठा आहे, पहिल्या खरेदीला टाळावी. जपानी अरिसाकावर सम्राटाचं शेवंतीचं फूल असतं, शरणागतीनंतर जमा झालेल्यांवरचं बहुतेक ठिकाणी घासून टाकलेलं, फूल शाबूत असेल तर किंमत जास्त. माझं मत विचाराल तर त्याने मार्क ३ च घ्यावी, ईशापूरची मिळाली तर सोनंच, आणि पहिल्या महिन्यात घाई न करता पाच-सहा नुसत्या हातात घेऊन बघाव्या.

एक गोष्ट मात्र आई म्हणून बजावून सांगा. इकडे येताना रायफल आणायचा विचारही नको आणि ज्या बॅगेतून तो रेंजवर जातो ती बॅग प्रवासाला वापरायची नाही. कोपऱ्यात अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर स्कॅनरमधे दिसतं आणि माणूस घरी यायच्या ऐवजी पोलीस स्टेशनला जातो, दरवर्षी असे लोक पकडले जातात आणि त्यातल्या बहुतेकांना माहितीही नसतं की ते बॅगेत होतं.

प्रश्न : वडील गेल्याला चार महिने झाले. त्यांच्या नावावर परवान्याची १२ बोर आहे ती कपाटात तशीच आहे, शिवाय एका डब्यात आजोबांच्या वेळची ६ काडतुसं निघाली, बुडावर के एफ लिहिलंय (फोटो पाठवलाय). यांचं काय करायचं? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी बंदुकीचं. परवाना वडिलांच्या नावावर होता, तो तुमच्या नावावर आपोआप होत नाही, त्यामुळे आज ती कपाटात असणं हाच प्रश्न आहे. कायद्यात कलम २१ खाली ती पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची सोय आहे, ते या आठवड्यातच करा, आणि मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज करायचा की विकायची ते सावकाश ठरवा. माझ्या ओळखीच्या एका घरात बाबांची आठवण म्हणून वर्षभर तशीच ठेवली होती, भावाभावांत जागेवरून वाद झाला आणि एकाने रागात तक्रार केली, पुढची दोन वर्षं तारखांना हेलपाटे.

काडतुसांच्या बुडावरचं के एफ म्हणजे आपलं खडकी, किर्की फॅक्टरी. १८६९ पासूनचा कारखाना, मी तिथे ३२ वर्षं नोकरी केली त्यामुळे ती दोन अक्षरं बघितली की माझं लक्ष हलत नाही. जुन्या .३०३ मधे कॉर्डाइट नावाची दारू असायची, नीलगिरीत अरुवनकाडूला बनणारी, दिसायला अगदी शेवयांसारखी. म्हणून सांगतो, आत काय आहे ते बघायला उघडू नका, चिमट्याने ओढू नका, ऐंशी वर्षांचं झालं तरी ते मेलेलं नसतं. रिकामी पुंगळी आणि जिवंत काडतूस यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, जिवंत असेल तर परवाना लागतोच, आणि तुमची सहाच्या सहा टोपीवर ठोका नसलेली, म्हणजे जिवंत आहेत. खिशात घालून चौकीत नेऊ नका. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या की वडिलांच्या सामानात अशी अशी काडतुसं सापडली, घेऊन जा. माणूस येऊन पंचनामा करून नेईल, अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि जमा केल्याची पावती हातात पडल्याशिवाय त्याला दारातून जाऊ देऊ नका.